पंपाचे सील व त्याची निगा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला तेव्हा धान्याच्या बाजारभावांवर आम्ही काही लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु भावांविषयी जे सांगावयाचे ते सभासद बंधू रोज बाजारात ऐकतातच. आम्ही इंदुरातील धान्याचे घाऊक व्यापारी. मॅट्रिकपुढे आमचे शिक्षण गेले नाही आणि यंत्रशास्त्राशी आमचा संबंध हिशेबाच्या वहीपुरताच. तरीही पंपासारखा रूक्ष विषय निवडण्यास कारण आहे. १९७० नंतरच्या दशकात माळव्यात सोयाबीन आले आणि पाहता पाहता सारा खरीप त्याने व्यापला. त्याच्या पाठोपाठ सॉल्व्हंट प्लँट आले, तेल रिफायनऱ्या आल्या, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरची पुढची पिढी गादीवरून उठून कारखान्यात गेली. आमच्या कुटुंबाचेही भांडवल अशा एका प्लँटमध्ये गुंतलेले आहे. त्याच्या खर्चाच्या वहीत "मेकॅनिकल सील" हे दोन शब्द आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. एका हंगामात एकाच पंपाच्या नावापुढे ते चार वेळा आले, तेव्हा वही मिटून आम्ही प्लँटवर गेलो. तेथे जे पाहिले व विचारले, आणि नंतर जाणत्यांकडून पडताळून घेतले, ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

पंप म्हणजे काय हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून उठून १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे त्या नावाचा पंप मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसला. आमच्या शेजारच्या देवासलाही त्याच घराण्याचा पंपांचा कारखाना आहे. विहिरीवरचा पंप आणि प्लँटमधला पंप यांची जात एकच. केसिंगच्या आत इंपेलर फिरतो, बाहेर मोटर असते आणि दोहोंना जोडणारा शाफ्ट केसिंगच्या भोकातून आत जातो. ते भोक शाफ्टपेक्षा किंचित मोठे नसेल तर शाफ्ट फिरणार नाही. आणि मोठे असले की आतला द्रव तेथून बाहेर येणार. सीलचा सारा प्रश्न या एका भोकाचा आहे.

जुना उपाय दोरीचा. शाफ्टभोवती चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे घालावयाचे, त्यांवर ग्लँड आवळावयाचा, आणि दोरी जळू नये म्हणून थोडे थोडे पाणी टपकू द्यावयाचे. मिनिटाला चाळीस ते साठ थेंब, असे जुने फिटर सांगतात. पाण्याच्या पंपाला यात काही वावगे नाही. विहिरीचे पाणी विहिरीपाशीच टपकले, तर कोणाचे काय बिघडते? पण पंपात तेल असले तर हिशेब निराळा होतो. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला साठ थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला सव्वाचार लिटरांच्या वर, आणि तीनशे दिवसांत सुमारे तेराशे लिटर. पोत्याच्या शिवणीतून दाणा गळू लागला तर आपण हमालाला हाक मारतो. येथे पंपाखाली तेलाचा डाग दिसतो आणि त्यावर भुसा टाकून आपण पुढे जातो.

सॉल्व्हंट प्लँटमध्ये गोष्ट नुसत्या तुटीची राहत नाही. सोयाबीनमधून तेल काढावयास वापरतात ते हेक्झेन होय. ते ६५ अंशांच्या आसपास उकळते, आणि त्याची वाफ शून्याखाली २२ अंशांवरदेखील ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत ते पेट घेण्यास तयारच असते. शिवाय ही वाफ हवेहून तिपटीने जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, नाल्यांत व खड्ड्यांत साचते. आणि हवेत तिचे प्रमाण शेकडा एकाहून थोडे अधिक झाले की एक ठिणगी पुरते. अशा पंपावर थेंब टपकू देणारी दोरी चालत नाही. तेथे मेकॅनिकल सीलच लागते, आणि ते सील बिघडले तर जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. आमच्या वहीतील त्या चार नोंदींनी आम्हांस अस्वस्थ केले ते याचमुळे. सीलचे पैसे गेले हा भाग लहान होता. चार वेळा त्या पंपापाशी हेक्झेनची वाफ पसरली होती आणि चार वेळा फिटर तिच्यात हात घालून बसला होता, हा भाग मोठा.

आता हे सील असते कसे? दोन गोल चकत्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी ग्लँडच्या झाकणात स्थिर बसते. बहुधा एक कार्बनची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइड, टंगस्टन कार्बाइड किंवा सिरॅमिक यांसारख्या कठीण पदार्थाची. मागून स्प्रिंग एकीला दुसरीवर दाबून धरते. चकत्यांच्या पाठीमागून गळती होऊ नये म्हणून रबराच्या ओ-रिंगा असतात. इतकेच. परंतु या दोन चकत्यांची तोंडे इतकी सपाट घासलेली असतात की त्यांतील उंचसखलपणा एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतबाहेर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, काचेच्या तबकडीखाली प्रकाशाच्या पट्ट्या मोजून तपासतात. चालू पंपात या दोन तोंडांमध्ये द्रवाचा एक थर शिरतो आणि त्यावर चकत्या जणू तरंगत फिरतात. या थराची जाडीही मायक्रॉनच्या आसपासच. गव्हाचा दाणा जाडीला तीनेक मिलिमीटर, म्हणजे तीन हजार मायक्रॉन भरतो, हे ध्यानात घेतले तर आपल्या धंद्यातील माणसाला या थराची कल्पना येईल. या फटीच्या मानाने मैद्याचा कणदेखील धोंडा होय.

आणखी एक हिशेब आम्ही गंमत म्हणून केला. मोटर मिनिटाला २,९०० फेरे करीत असेल आणि चकतीचा मध्यव्यास ५० मिलिमीटर असेल, तर फिरती चकती स्थिर चकतीवरून चोवीस तासांत सुमारे ६५० किलोमीटर घसरते. इंदूरहून मुंबई गाठून वर थोडे उरेल एवढा हा पल्ला, रोजचा. आणि वंगण काय, तर तो मायक्रॉनभर थर! तो थर आहे तोवर सील वर्षानुवर्षे चालते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९९४ साली सीलसंबंधी ६८२ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात सील न बदलता २५,००० तास, म्हणजे सुमारे तीन वर्षे चालावे हे लक्ष्य ठेवले आहे. आमचा पंप हंगामात चार सीले खात होता.

प्लँटवर आम्ही प्रथम जुनी सीले पाहावयास मागितली. तीन भंगारात गेली होती, चौथे तेवढे मिळाले. ते एका वृद्ध फिटरच्या हातात दिले. त्यांना सारे उस्ताद म्हणत. त्यांनी चष्मा पुसला, कठीण चकती उजेडाकडे धरली आणि तिच्यावरील घासणीचा पट्टा आम्हांस दाखवला. कार्बनच्या तोंडाची रुंदी जेवढी, तेवढाच रुंद पट्टा समोरच्या चकतीवर उमटला पाहिजे. येथे तो बराच रुंद होता. उस्ताद म्हणाले, "शेठजी, या सीलचा काही गुन्हा नाही. शाफ्ट जागेवर फिरत नाहीये. असली दहा सीले घातलीत तरी दहाही जातील."

मग त्यांनी कपलिंगवर डायल गेज बसवले आणि पंपाच्या सक्शन फ्लँजचे बोल्ट ढिले करावयास सांगितले. शेवटचा बोल्ट सुटताच पाइप बोटभर बाजूला सरकला आणि गेजचा काटा हलला. उभारणीच्या वेळी पाइप थोडा आखूड पडला होता. तो चेन-ब्लॉकने ओढून फ्लँजला आवळलेला होता. ती ओढ रात्रंदिवस पंपाच्या केसिंगवर होती, केसिंग वाकून शाफ्टला वाकडे करीत होते, आणि दोष सीलवर येत होता. पाइपचा तुकडा बदलला, त्याला स्वतंत्र आधार दिला, फ्लँज हाताने जुळते की नाही ते पाहिले, आणि बोल्ट आवळताना काटा ०.०५ मिलिमीटरहून अधिक हलणार नाही याची खात्री केली. पुढचा सारा हंगाम त्या पंपाने सील मागितले नाही.

निघालेले सील भंगारात टाकू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. ते वैद्याच्या नाडीसारखे आहे. कठीण चकतीवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक भेगा दिसल्या तर पंप कोरडा चालला असे समजावे. कार्बनच्या कडेचे टवके उडाले असतील तर द्रव चकत्यांमध्ये उकळत होता. हेक्झेनच्या पंपावर हे फार घडते. घासणीचा ठसा समोरासमोर दोनच ठिकाणी गडद असेल तर ग्लँडचे बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळून चकती वाकवली आहे. ओ-रिंग फुगली असेल तर रबराची जात चुकली, कडक होऊन तडकली असेल तर उष्णता लागली.

रबराच्या जातीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण दुकानात सगळ्या ओ-रिंगा काळ्याच दिसतात. ईपीडीएम नावाचे रबर गरम पाण्याला व कॉस्टिकला उत्तम, पण तेल किंवा हेक्झेन लागले की ते फुगते. हेक्झेनला व गरम तेलाला व्हायटॉन घ्यावे. तेलाला नायट्राइलही चालते, फक्त उष्णता बेताची हवी. रिफायनरीत कॉस्टिकचा पंप आणि तेलाचा पंप एकमेकांशेजारी असतात आणि दोन्हींची सीले एकाच कपाटात ठेवलेली असतात. तेथे चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. धान्याची वक्कल आपण चिठ्ठीवाचून गोदामात ठेवतो काय?

आता बसवण्याविषयी. येथे आम्हांस कारखानदार सभासदांशी जरा स्पष्ट बोलावयाचे आहे. हंगामात दारात ट्रकांची रांग असते, एक्स्ट्रॅक्टर थांबलेला असतो आणि मालक घड्याळ घेऊन फिटरच्या पाठीशी उभे राहतात. "किती वेळ लागेल?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारला जातो. सील बसवण्याच्या कामाचे जे नुकसान या प्रश्नाने होते, ते निकृष्ट मालानेही होत नाही. कारण जे टप्पे घाईत गळतात तेच नेमके सीलचे आयुष्य ठरवणारे असतात.

पहिला टप्पा जिवाचा. मोटरची वीज तोडून तिला कुलूप घालणे आणि किल्ली फिटरच्याच खिशात असणे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पंप रिकामा करणे. वाफ मोजण्याच्या उपकरणाने जागा तपासणे. हेक्झेनपाशी ठिणगी न पाडणारी पितळी जातीची हत्यारे वापरणे. यांतील एकही गोष्ट मालकाच्या तोंडी हुकुमाने वगळली जाऊ नये.

त्यानंतर सील खोक्यातून काढण्यापूर्वी पंप तपासावयाचा. शाफ्टवर डायल गेज लावून हाताने एक फेरा द्यावा. काट्याचा फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. शाफ्ट मागेपुढे ढकलून पाहावा. तो खेळत असेल तर बेअरिंग पाहावे लागेल. स्लीव्हवर ओ-रिंगने कोरलेली चर असेल तर स्लीव्ह बदलावी. चावीच्या खाचेची आणि पायरीची धारदार कड कानशीने मोडावी, नाहीतर नवी ओ-रिंग तेथेच कापली जाते आणि पंप भरताक्षणी गळू लागतो.

चकत्यांच्या तोंडांना बोट लावू नये. त्या टेबलावर पालथ्या ठेवू नयेत. पुसावयाच्या तर धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने; फिटरच्या खांद्यावरील फडक्याने नव्हे. ओ-रिंग सरकावी म्हणून दिसेल ते ग्रीस लावण्याची सवय आहे, पण खनिज तेलाचे ग्रीस ईपीडीएमला मारक होय. रबराच्या भात्याच्या सीलला साबणाचे पाणी बरे. स्प्रिंग किती दाबली जावी ते नकाशात दिलेल्या मापावरून ठरते, अंदाजाने नव्हे. कमी दाबली तर गळती, अधिक दाबली तर चकत्या तापतात. ग्लँडचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकाच जाड स्प्रिंगची जी सीले असतात त्यांतील काही एकाच दिशेने फिरण्यासाठी केलेली असतात, म्हणून मोटर कपलिंगला जोडण्यापूर्वी तिच्या फिरण्याची दिशा पाहून घ्यावी. अलीकडे सगळे भाग एकत्र बांधलेले कार्ट्रिज सील मिळते. त्याची किंमत अधिक, पण बसवणाऱ्याच्या हातून होणाऱ्या कित्येक गफलती त्याने टळतात; ज्या प्लँटला कसलेला फिटर मिळत नाही त्यांनी ते घेणे शहाणपणाचे. मात्र बसवून झाल्यावर त्याच्या क्लिपा काढावयास विसरू नये.

इतके झाल्यावर पंप हाताने फिरवून पाहावा, सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि सीलच्या खोलीतील हवा काढून टाकावी. हवेचा बुडबुडा तेथे राहिला तर पंप द्रवाने भरलेला असूनही सील कोरडेच. कोरड्या चकत्या काही सेकंदांत भयंकर तापतात, आणि मग थंड द्रव त्यांवर पडला की सिरॅमिक काचेसारखे तडकते. हेक्झेनपाशी तर तापलेली चकती हीच ठिणगी ठरू शकते. सक्शनची गाळणी तुंबली, टाकी रिकामी झाली, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून पंप तासन्‌तास चालवला, तरी शेवट हाच. पंपातून खडी खडखडल्यासारखा आवाज येऊ लागला तर तो पंप उपाशी आहे. त्याची वाट न पाहता कारण शोधावे.

प्रत्येक पंपाची एक खोड असते. एक्स्ट्रॅक्टरमधून येणाऱ्या तेल-हेक्झेनच्या मिश्रणात, ज्याला मिसेला म्हणतात, पेंडेची बारीक पूड असते. ती सीलच्या खोलीत साचू नये म्हणून स्वच्छ द्रवाची बारीक धार आत सोडावी लागते. जेथे हेक्झेन बाहेर येणे मुळीच परवडणारे नाही तेथे दोन सीले पाठोपाठ बसवून मध्ये दुसरा निरुपद्रवी द्रव भरतात. हा द्रव आतील दाबाहून अधिक दाबाखाली ठेवला तर गळती झालीच तरी तो द्रव पंपात जातो, हेक्झेन बाहेर येत नाही. त्याच्या टाकीतील पातळी रोज पाहून लिहावी; पातळी उतरू लागली म्हणजे सील बोलू लागले. शेवटच्या स्ट्रिपरखालचा तेलाचा पंप तर फसवा असतो. त्याची ओढ निर्वाताकडून असल्याने तेथे सील बिघडले तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरू शकते. जमीन कोरडी, सारे ठीक दिसते, आणि गरम तेलाला हवा लागून रंग बिघडतो. अशा वेळी तेलाचा रंग व निर्वाताचा काटा यांवरून सीलची प्रकृती ओळखावी लागते. बेळगावकडील आमचे व्याही साखर कारखान्याच्या गोष्टी सांगतात. तेथे पाकाच्या पंपाचे सील रात्रभर बंद राहिले की साखर धरून चकत्या एकमेकींना चिकटतात, आणि सकाळी बटण दाबताच तुटतात. म्हणून पंप थांबवताना गरम पाण्याने धुऊन काढणे हाच तेथील रिवाज.

आपल्या सोयाबीनच्या प्लँटना चिकटण्याचा धोका हंगाम संपल्यावर. नवा माल दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. त्यापूर्वीचे काही महिने बरेच प्लँट थंड असतात. या काळात तेल चकत्यांच्या कडेला घट्ट होऊन राळेसारखे बसते. पंप रिकामे करून धुऊन ठेवावेत, आठवड्यातून एकदा वीज तोडलेली असताना शाफ्ट हाताने थोडा फिरवावा, आणि ते काम कोणी केले त्याची सही घ्यावी. आम्ही आता प्रत्येक पंपाचे एक पान वहीत उघडले आहे. सील कोणत्या तारखेला बसले, कोणी बसवले, गेजचे माप काय आले, केव्हा व का निघाले, इतकेच त्यावर असते. निघालेले सील कापडी पिशवीत घालून चिठ्ठीसह ठेवतात. त्यांतील कठीण चकत्या पुष्कळदा पुन्हा घासून सपाट करून वापरता येतात, आणि हे काम करणारे दुरुस्तीवाले मिळतात. मात्र ओ-रिंगा प्रत्येक वेळी नव्याच घालाव्यात, आणि जुन्या कापूनच फेकाव्यात, म्हणजे त्या कपाटात परत जाणार नाहीत.